गाडीचा सातबारा : नेपरव्हिल ते बोलिंग ग्रीन आणि परत

पहिला दिवस : नेपरव्हिल ते ऑबर्न

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा बाबांच्या खांद्यावरच्या पिशवीत तीन वस्तू होत्या. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांडीचा आरसा, पेनाएवढी बॅटरी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. आरसा आणि बॅटरी मी आणलेली. भिंग मात्र त्यांचं स्वतःचं. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं ते त्यांच्या वरच्या खिशात असायचं.

आम्ही गाडी बघायला निघालो होतो. १९६७ ची शेवरोले कॉर्व्हेट स्टिंग रे स्पोर्ट्स कार, कूपे म्हणजे पक्क्या छताची, ४२७ घनइंची इंजिन, वर ओळीनं तीन कार्ब्युरेटर, ४३५ हॉर्सपॉवर. मागणी १ लाख १५ हजार डॉलर. माझ्याकडे १९७२ ची एक कॉर्व्हेट आहे, अकरा वर्षं माझ्या हाताखाली वाढलेली. ती विकायची, साठवलेले पैसे घालायचे आणि ही घ्यायची, असा बेत होता. सप्टेंबर महिना, मक्याची शेतं पिवळी पडायला लागलेली, आणि यूएस ३० महामार्गावर आमच्यापुढे फक्त धान्याचे ट्रक.

जाहिरातीत ‘नंबर्स मॅचिंग’ असं लिहिलं होतं. बाबांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, कारखान्यातून गाडी ज्या इंजिनासकट बाहेर पडली, तेच इंजिन आजही तिच्यात आहे आणि दोघांवरचे नंबर जुळतात. मग खरी अडचण सांगितली. १९७२ पासून कॉर्व्हेटच्या ओळखक्रमांकात इंजिनासाठी एक अक्षर असतं. त्याआधीच्या गाड्यांत ते नाही. १९६७ चा क्रमांक वाचला तर गाडी कॉर्व्हेट आहे, कूपे आहे, सेंट लुइसच्या कारखान्यात झाली आणि कितवी झाली एवढं कळतं. तिच्यात ३०० हॉर्सपॉवरचं साधं ३२७ होतं की ४३५ वालं ४२७, यावर तो क्रमांक गप्प.

बाबा थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, म्हणजे नुसता सात आहे. बारा कुठंय?”

मी इतकी वर्षं हे लोकांना समजावून सांगत आले, पण इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं. जमीन कुणाची ते लिहिलंय, तिच्यात काय पिकलं ते लिहिलेलं नाही. आणि किंमत सगळी पिकाची आहे. १९६७ साली २२,९४० कॉर्व्हेट तयार झाल्या, त्यात ४३५ वाल्या ३,७५४. त्याच वर्षी एल ८८ नावाचं शर्यतीसाठीचं इंजिन घातलेल्या फक्त २०. कागदावर एल ८८ ची ताकद ४३० हॉर्सपॉवर, म्हणजे ४३५ पेक्षा पाचनं कमी. हौशी गिऱ्हाइकानं मोठा आकडा बघून ती घेऊ नये म्हणून कारखान्यानं मुद्दाम तो कमी लिहिला. प्रत्यक्षात ती ५०० च्या वर जाते. त्या विसांतली एक गाडी २०१४ च्या जानेवारीत स्कॉट्सडेलच्या लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली. बॉडी तीच, काचा त्याच, चाकं तीच. फरक बॉनेटखाली, आणि त्या फरकाचा पुरावा बोटभर लोखंडावर.

वाटेत इंडियानातलं वॉर्सा लागलं. कृत्रिम गुडघे आणि खुबे बनवण्यासाठी हे छोटं गाव जगभर ओळखलं जातं. बाबांचा डावा गुडघा तीन वर्षांपूर्वी बदललाय. शस्त्रक्रियेनंतर फाइलमध्ये त्या सांध्याच्या क्रमांकाचं स्टिकर लावून मिळतं, ते त्यांनी लॅमिनेट करून ठेवलंय. गाव मागे पडेपर्यंत ते गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

ऑबर्नचं ऑबर्न कॉर्ड ड्यूझेनबर्ग संग्रहालय ऑबर्न या मोटार कंपनीच्याच १९३० च्या कचेरीत आणि शोरूममध्ये आहे. ज्या फरशीवर या गाड्या विकायला उभ्या राहत, तिथंच त्या आजही उभ्या आहेत. हे भाग्य फार थोड्या संग्रहालयांना लाभतं.

आम्ही सर्वांत जास्त वेळ १९३५ च्या ऑबर्न ८५१ स्पीडस्टरजवळ थांबलो. गॉर्डन ब्यूरिगची रचना, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, सुपरचार्जरसह १५० हॉर्सपॉवर. हिच्या डॅशबोर्डवर धातूची छोटी पाटी असते. गाडी ताशी १०० मैलांच्या वर पळवून पाहिली आहे असा दाखला, आणि खाली वेगाचे विक्रम करणाऱ्या एब जेन्किन्सची सही. पाटी काढता येते, दुसऱ्या गाडीला लावता येते. या गाडीच्या नकला तर १९६० च्या दशकापासून निघाल्या आहेत. नकलेला नक्कल म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ज्याला तो आकार आवडतो त्यानं ती जरूर चालवावी. घोळ होतो तो नक्कल दोन-तीन मालकांच्या हातून गेल्यावर आणि ‘नक्कल’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडल्यावर.

ड्यूझेनबर्गची गोष्ट याहून अवघड. मॉडेल जे चे चासी आणि इंजिन कंपनी करायची, बॉडी गिऱ्हाईक बाहेरच्या कारागिरांकडून बांधून घ्यायचं. पुढे मालकांनी बॉड्या बदलल्या, इंजिनं बदलली. त्यामुळे प्रत्येक गाडीचं चासी, इंजिन आणि बॉडी यांचा माग वेगवेगळा काढावा लागतो. बाबांना मी इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या गाडीबद्दल सांगितलं. त्यांनी ड्यूझेनबर्गचं सुपरचार्जरवालं चासी घेऊन लंडनच्या गर्नी नटिंगकडून त्यावर बॉडी चढवून घेतली होती. अमेरिकन लोखंड, इंग्रज कारागीर आणि मालक मराठी. तिचा माग सलग राहिला म्हणून ती आज ‘होळकरांची’ म्हणूनच ओळखली जाते. गॅरी कूपर या नटाची दोन आसनी ड्यूझेनबर्ग एसएसजे २०१८ साली पेबल बीचच्या लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली. अशा फक्त दोनच गाड्या झाल्या, आणि कूपरनंतर तिचा मालक कोण, त्याच्यानंतर कोण, हे न अडखळता सांगता येतं.

“फेरफाराच्या सगळ्या नोंदी लागल्यात तर,” बाबा म्हणाले. कराडजवळच्या आमच्या दीड एकराची एक फेरफार नोंद सापडावी म्हणून त्यांनी तहसीलात चार वर्षं हेलपाटे मारलेत. तो शब्द त्यांनी सहज वापरला नव्हता.

दुसरा दिवस : कोलंबस

इंडियानापोलिसवरून खाली कोलंबसला आलो. हे कमिन्स या इंजिन कंपनीचं गाव, त्यामुळं इथं पुण्याची घरं असतातच. कॉलेजची मैत्रीण इथं आहे. तिच्याकडे पिशव्या टाकल्या, पिठलं-भाकरी खाल्ली आणि दोन वाजता विकणाऱ्या गृहस्थांच्या दारात पोहोचलो.

पंचाहत्तरीतले गृहस्थ, एकटे राहणारे. त्यांनी गॅरेजचं दार वर सरकवलं आणि लाल गाडी उजेडात आली. मी कितीही हिशेबी झाले तरी ४२७ चं ते फुगीर बॉनेट बघून छातीत होतं ते होतंच. त्यांनी इंजिन सुरू केलं, जमीन थरथरली, बाबा हसले. दहा मिनिटं आम्ही काहीच तपासलं नाही.

मग कामाला लागलो. ग्लोव्ह बॉक्सच्या खाली ओळखक्रमांकाची पट्टी आणि तिच्याशेजारी ट्रिम टॅग. टॅगवर रंगाचा आकडा ९७६. म्हणजे मरीना ब्लू. लाल नव्हे. “हो, आधी निळी होती,” ते म्हणाले. रंग बदलणं हा गुन्हा नाही, किंमत थोडी उतरते इतकंच. टॅगवरच्या तारखेप्रमाणे बॉडी फेब्रुवारी १९६७ ची. आरसा आणि बॅटरी घेऊन बाबांनी ड्रायव्हरच्या बाजूनं बॉडी आणि चासी यांच्या फटीतून चासीवर ठोकलेले आकडे वाचले. तेही पट्टीशी जुळले. मी सुटकेचा श्वास टाकला.

आता इंजिन. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे इंजिनाच्या ब्लॉकचा बोटभर रुंद सपाट तुकडा बाहेर डोकावतो. त्यालाच स्टॅम्प पॅड म्हणतात. मोठ्या इंजिनांवर टोनावांडाच्या इंजिन कारखान्यात तिथं टी, मग महिना-दिवस आणि शेवटी इंजिनाचा प्रकार ठोकत. पुढे सेंट लुइसला गाडी जोडताना शेजारी गाडीच्या क्रमांकाचे आकडे ठोकत. इथं सगळं होतं. टी, जानेवारीची तारीख, ४३५ ची खूण असलेलं जेई, आणि गाडीचा क्रमांक. बरोबर.

बाबांनी फडक्यानं पॅड पुसला. भिंग डोळ्याला लावलं, बॅटरी अगदी आडवी धरली. मग उभी धरली. मग परत आडवी. त्यांनी बोटाच्या नखानं पॅडवरून लांबीच्या दिशेनं रेघ ओढली, नंतर आडवी. पाच मिनिटं ते बोलले नाहीत.

“इकडे ये. काय दिसतंय?”

मला रेघा दिसल्या. बारीक, चकचकीत.

“सरळ आहेत का?”

नव्हत्या. अगदी किंचित, पण वाकलेल्या होत्या. मोठ्या वर्तुळाचा छोटासा कंस असावा तशा.

“कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोचनं काढत होते, असं तूच सांगितलंस. ब्रोच एका दमात सरळ जातो. त्याच्या रेघा पुढून मागे, एकमेकींना समांतर. ही कमान फिरत्या कटरची. कुणीतरी ब्लॉक मशिनवर घेऊन वरचा थर काढलाय.”

जुनं इंजिन उघडलं की वर्कशॉपमध्ये पृष्ठभाग सपाट करून घेतात, ते मला माहीत होतं. पण तसं केलं की जुने शिक्के खरवडून जातात. इथं रेघा नंतरच्या आणि शिक्के त्या रेघांच्याही वर. शिवाय बाबांनी सातचा आकडा दाखवला. इंजिनाच्या तारखेच्या ओळीतला सात आणि गाडीच्या क्रमांकातला सात, दोन्हींच्या पायाला एकाच जागी एकच टवका.

“एक शिक्का टोनावांडाचा, दुसरा सेंट लुइसचा ना? मग दोन गावांत पंच एकच कसा?”

मी जॅक लावून गाडीखाली गेले. ओतीव ब्लॉकच्या अंगावर त्याच्या जन्माची तारीख उठावदार अक्षरांत असते. महिन्याचं अक्षर, दिवस, आणि वर्षाचा शेवटचा आकडा. तेलाचा थर खरवडला. ब्लॉकचा ओतीव क्रमांक ३९०४३५१, म्हणजे १९६७ चं ४२७ खरंच. खाली तारीख : डी ११ ७.

डी म्हणजे एप्रिल. ११ एप्रिल १९६७.

फेब्रुवारीत तयार झालेल्या बॉडीत, जानेवारीची तारीख ठोकलेलं, एप्रिलमध्ये ओतलेलं इंजिन.

मी तशीच पाठीवर पडून राहिले. वर ते गृहस्थ बाबांना पाणी हवं का विचारत होते.

सांगावं तर लागणारच होतं. मी एकेक गोष्ट दाखवली. ते वाकले, त्यांनी स्वतः भिंगातून पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ती एका लिलावातून पूर्ण किंमत मोजून घेतली होती. सोबत छान बांधलेली फाइल मिळाली होती. ती त्यांनी आणून दाखवली. फोटो, प्रशस्ती, रंगीत पानं. पण १९९० च्या आधीचा एकही कागद नाही. “सर, तुमची खात्री आहे?” त्यांनी बाबांना विचारलं. मी मराठीत सांगितलं. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

त्यांनी लगेच ७० हजारांवर यायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. त्या पैशांत चालवायला ती वाईट गाडी नाही, हे कबूल. पण या छंदात एक वर्ग असा आहे जो नव्यानं ठोकलेल्या शिक्क्याला ‘रिस्टोरेशनचा भाग’ म्हणतो, आणि मला ते अजिबात मान्य नाही. जुनं इंजिन फुटलं, त्याच काळातलं दुसरं बसवलं, पॅड कोरा ठेवला, तर ती प्रामाणिक दुरुस्ती. त्यावर मेलेल्या इंजिनाचा नंबर ठोकला की ते खोटं खरेदीखत. या गृहस्थांना कुणीतरी फसवलं, त्याला बहुधा आणखी कुणी. ती साखळी माझ्या गॅरेजात येऊन उद्या माझ्या हातून पुढे जायला नको होती.

परतताना बाबा म्हणाले, “काम मात्र सुरेख केलंय. इतकं सारखं खोल ठोकणं सोपं नाही. हात चांगला होता त्याचा. एवढा चांगला हात, त्यानं स्वतःचं नाव का नाही घातलं?”

तिसरा दिवस : बोलिंग ग्रीन

आय ६५ महामार्गानं ओहायो नदी ओलांडून केंटकीत. वाटेत घड्याळ एक तास मागे आलं. ढगाळ हवा. दोघंही फारसं बोललो नाही.

१९८१ पासून कॉर्व्हेट बोलिंग ग्रीनला बनते आणि कारखान्याजवळच १९९४ पासून नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम आहे. सुरुवातीच्या दालनात १९५३ चं मॉडेल. त्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंटला हातानं जोडून ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, सहा सिलिंडर, १५० हॉर्सपॉवर आणि दोन गिअरचं ऑटोमॅटिक. म्हणून १९५३ ची कुणी काळी दाखवली, तर पहिला प्रश्न रंगाचाच विचारायचा.

पण आम्ही आलो होतो स्कायडोममध्ये, पिवळ्या शंकूच्या त्या इमारतीत. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे इथली जमीन खचली. हा सगळा भाग चुनखडीचा, खाली गुहाच गुहा, मॅमथ केव्ह इथून जवळच. आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. इमारतीत माणूस नव्हता. आज जमीन भरून घेतली आहे आणि खड्ड्याची कड फरशीवर आखून ठेवली आहे. बाबा त्या रेषेवरून पूर्ण एक फेरी चालले.

आठांपैकी तीन दुरुस्त केल्या. २००९ ची ‘ब्लू डेव्हिल’ झेडआर १ तर बाहेर काढल्यावर सुरू होऊन स्वतःच्या चाकांवर चालत गेली. दुसरी १९६२ ची काळी. तिसरी १९९२ ची पांढरी, दहा लाखावी कॉर्व्हेट. उरलेल्या पाच तशाच ठेवल्या, चेपलेल्या, फाटलेल्या, माती लागलेल्या. त्यांच्यात मूळचं इतकं थोडं वाचलं होतं, की दुरुस्त करणं म्हणजे नवीच गाडी बनवून जुनं नाव देणं झालं असतं. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो. २००१ ची मॅलेट हॅमर समोर पडली आहे ती धड गाडी म्हणून ओळखूही येत नाही. पण तिच्यात खोटं काही नाही.

दहा लाखाव्या गाडीपाशी मी बाबांना खुर्ची आणून दिली. ती कारखान्यातून निघाली तेव्हा कामगारांनी तिच्या भागांवर सह्या केल्या होत्या. आतल्या, कुणाला कधी दिसणार नाहीत अशा जागी. खड्ड्यातून काढून जनरल मोटर्सनं ती उघडली तेव्हा त्या सह्या सापडल्या. मग सही असलेला भाग शक्यतो बदलायचा नाही असं ठरवून काम झालं. जे भाग परत बसवण्याजोगे नव्हते, त्यांच्यावरच्या सह्या जपण्यासाठीही खटपट केली.

बाबा बराच वेळ त्या गाडीकडे बघत बसले. “आम्ही डाय बनवायचो ना,” ते म्हणाले, “तिच्या तळाला, जिथं बोल्स्टरला टेकते तिथं, मी पंचानं एक टिंब मारायचो. माझं टिंब, शिंद्यांची दोन टिंबं. साहेबांना माहीत नव्हतं.”

हे त्यांनी मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

चौथा दिवस : एलिझाबेथटाउन

येताना वाटेत आणखी एक गाडी बघायची ठरली होती. माझ्या यादीत ती दुसऱ्या नंबरवर होती, खरं तर फारशा आशेनं नाही. तीही १९६७ चीच कूपे, पण ३२७ ची ३०० हॉर्सपॉवरवाली. मालकीण निवृत्त शिक्षिका. गाडी वडिलांनी नवी घेतलेली, त्यांच्यानंतर हिची.

बॉनेट उघडायच्या आधीच बाई म्हणाल्या, “इंजिन मूळचं नाही, हे आधी सांगते.”

बाबा पॅडवर वाकले. रेघा सरळ, समांतर. त्यावर गाडीचा क्रमांक नव्हताच. होतं ते सीई, आणि पुढे आकडे. वॉरंटीत बदलून दिलेल्या इंजिनांवर शेवरोले १९६८ पासून ही खूण ठोकत असे. बाईंनी बुटांच्या खोक्यातून एक पिवळा कागद काढला. १९७० ची डीलरची दुरुस्तीची पावती, कार्बन कॉपी. सिलिंडरच्या भिंतीला तडा, इंजिन वॉरंटीत बदललं, मायलेज, तारीख, खाली त्यांच्या वडिलांची सही. त्या खोक्यात तेल बदलल्याच्या नोंदी होत्या, १९७४ च्या एका अपघाताच्या दुरुस्तीचं बिल होतं, आणि प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांत धरलेला तपकिरी, कडा झडलेला कागद होता. पेट्रोलच्या टाकीच्या वर कारखान्यात चिकटवत ते बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय घातलं त्याची यादी. १९६७ पासूनच्या काही गाड्यांवर ते मिळतं, टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही. बाईंच्या भावानं टाकी उतरवली तेव्हा ते सोडवून ठेवलं होतं. अर्ध्याहून जास्त उंदरांनी आणि गंजानं खाल्लेलं. तरी एम २० वाचता आलं, चार गिअर. यू ६९ वाचता आलं, एएम-एफएम रेडिओ. गाडीत दोन्ही होतं.

बाबांनी तो कागद हातात घेतला नाही. टेबलावरच ठेवून भिंगातून वाचला, ओळीवर बोट न टेकवता.

“हा बारा,” ते म्हणाले.

किमतीच्या तक्त्यात ही गाडी खाली बसते. मूळ इंजिन नाही, अपघात झालेला, छोटं इंजिन. शर्यतीतल्या इतिहासाचं वलय नाही, नामवंत मालक नाही. या बाजाराचा हा हिशेब मला समजतो, मी तो नाकारत नाही. पण त्या लाल गाडीला परवापर्यंत लाखावर मोजायला मी तयार होते आणि हिला निम्मे सांगताना बाई संकोचत होत्या, हे मला लागलं. मी घासाघीस केली नाही. इसार दिला. खोकं आता घेऊन जाऊ का, विचारलं तर म्हणाल्या, “नाही. ते गाडीबरोबरच जाईल.”

पाचवा दिवस : घरी

साडेपाच तासांचा रस्ता, इंडियानात पाऊस. घरी पोहोचून बाबा आंघोळीला जाण्याऐवजी गॅरेजात गेले. माझ्या १९७२ च्या गाडीचं बॉनेट त्यांनी उघडायला लावलं. हिच्या क्रमांकात पाचवं अक्षर के आहे. म्हणजे २०० हॉर्सपॉवरचं साधं ३५०. पॅडवरच्या रेघा सरळ. मला माहीतच होतं, तरी बरं वाटलं.

मग बॅटरी खाली सरकली.

“हा पाण्याचा पंप?”

पंपावरची ओतीव तारीख १९७४ ची. मी घेतली तेव्हापासून तसाच आहे.

“आणि हा ऑल्टरनेटर?”

तो मी बदललेला.

“रंग?”

रंगही मीच. मुळात एल्कहार्ट ग्रीन होती. मला लाल हवी होती. जाहिरातीचा मजकूर मी निघायच्या आदल्या रात्री लिहून ठेवला होता, ‘नंबर्स मॅचिंग, उत्तम स्थिती’. इंजिनापुरतं ते खरं होतं. बाकीचं कुणी विचारलं तर सांगू, असं मनात ठेवलं होतं.

बाबांनी काही म्हटलं नाही. त्यांनी बाकावरची माझी वही उचलली, नवं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी वर गाडीचा क्रमांक घातला, खाली ती घेतल्याचं साल, २०१४. बाबा बॅटरी फिरवत गेले आणि मी लिहीत गेले. पंप, ऑल्टरनेटर, रंग, डाव्या दाराचं बिजागर, सीटांची कव्हरं. डिस्ट्रिब्युटरपाशी बॅटरी थांबली तेव्हा पान भरलं होतं. मी उलटलं.